पाणी असताना कागद कशाला?

मुलगी अमेरिकेला गेली आणि तिलक नगरातल्या आमच्या घराचा वरचा मजला रिकामा पडला. तिथल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना द्यायला लागलो. राजापार्कचा बाजार चालत जाण्याइतका जवळ, मोतीडुंगरीचा गणपती आणि बिर्ला मंदिरही फार लांब नाही, त्यामुळे थंडीत जयपूरला येणाऱ्यांना जागा सोयीची वाटते. जानेवारीत साहित्य महोत्सव भरतो तेव्हा तर आधी कळवल्याशिवाय खोली मिळत नाही. पाहुण्यांत युरोपातली मंडळी बरीच, आणि अलीकडे पुण्या-बंगळुरूची तरुण जोडपीही.

त्यांच्यासाठी म्हणून आमच्या घरात पहिल्यांदा टॉयलेट पेपर आला. साताऱ्याच्या माझ्या माहेरी टमरेल होतं, इथे सासरी लोटा आणि नंतर धुण्याचा जेट. कागदाची गरज कुणालाच कधी भासली नव्हती. आता राजापार्कच्या दुकानातून सहा-सहा रोलांची पाकिटं येऊ लागली. पाहुणे असले की ती भराभर संपायची. प्लॅस्टिकच्या त्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असे: '१०० टक्के व्हर्जिन पल्प'. दुकानदारही तेच सांगून महाग पाकीट पुढे करी.

त्याचा अर्थ सरळ आहे. हा लगदा रद्दीपासून केलेला नाही, थेट झाडापासून केलेला आहे. कागदाचा तंतू साधारण पाच ते सात वेळा पुन्हा वापरता येतो. वहीची रद्दी होते, रद्दीचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा पुन्हा पुठ्ठा होतो. टॉयलेट पेपरचं तसं नाही. तो एकदा वापरला की गटारात किंवा कचऱ्यात गेला, परत यायची वाटच नाही. म्हणजे ज्या कागदाचं आयुष्य काही सेकंदांचं, नेमका त्याच्यासाठी ताजं झाड. हे लक्षात आल्यापासून ते पाकीट हातात घेताना मला फार वाईट वाटू लागलं.

त्याला आणखी एक कारण आहे. आमच्यापासून गाडीने थोड्याच वेळात सांगानेर येतं. सांगानेर म्हटलं की लोकांना ठशांचं कापड आठवतं, पण तिथे हातकागदही बनतो, पिढ्यान्‌पिढ्या, कागझी घराण्यांकडून. हे काम मी कितीतरी वेळा उभं राहून पाहिलं आहे. बनियनच्या कारखान्यांतून उरलेल्या सुती चिंध्या येतात. त्या निवडतात, बारीक कापतात, पाण्यात घालून यंत्रात कुटून त्यांचा लगदा करतात. मग कारागीर जाळीची चौकट हौदात बुडवतो, अलगद आडवी उचलतो, एकदा हलवतो, आणि चौकटीवर कागदाचा ओला पापुद्रा धरलेला असतो. तो कापडावर उतरवतात, थप्पी दाबून पाणी काढतात, दोरीवर वाळत घालतात. त्यासाठी एकही झाड तोडावं लागत नाही. सांगानेरला हातकागदाची राष्ट्रीय संस्था आहे, ती कुमारप्पांच्या नावाने. हे तेच जे. सी. कुमारप्पा, ज्यांनी १९३४ साली गांधीजींनी स्थापलेल्या ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीत उभं केलं आणि हातकागदाला पुन्हा जीव दिला. आपल्याकडे जुन्नरचा कागद, दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचा कागद, यांचा लौकिक शतकांचा. त्यामुळे सांगानेरच्या हौदापाशी उभं राहिलं की परक्या मुलखात असल्यासारखं मला वाटत नाही.

लहानपणी पुस्तकाला पाय लागला की आई हात जोडायला लावायची. कोऱ्या कागदालाही तोच मान. हा संस्कार फक्त आपलाच असं मला वाटे, पण ज्या चीनमध्ये कागद जन्मला तिथेही तो आहे. सहाव्या शतकातल्या यान झीतुई या विद्वानाने लिहून ठेवलं आहे की ज्या कागदावर अभिजात ग्रंथांतली वचनं किंवा ऋषितुल्य माणसांची नावं आहेत, तो शौचासाठी वापरायला मी धजत नाही. शौचासाठी कागद वापरल्याचा हा फार जुना लेखी पुरावा मानतात. आणि नवव्या शतकातल्या एका अरबी वृत्तान्तात नोंद आहे की चिनी लोक पाण्याने धूत नाहीत, कागदाने पुसतात. पाण्याने धुणाऱ्या माणसाला त्याचं नवल वाटलं होतं.

मी वरच्या मजल्यावर कागद कमी करायचं ठरवलं तेव्हा सर्वांत नेमका प्रश्न एका डच पाहुणीने विचारला. ती म्हणाली, तुमचं राज्य अर्ध्याहून अधिक कोरडं, शहराला पाणी इतक्या लांबून येतं, मग तुम्ही धुण्यासाठी पाणी का खर्च करता? कागद बरा नाही का?

प्रश्न रास्त होता. जयपूर आज बीसलपूर धरणाच्या पाण्यावर जगतं. ते धरण टोंक जिल्ह्यात बनास नदीवर, इथून शंभराहून अधिक किलोमीटरवर. त्याआधी शहराची तहान रामगढचा तलाव भागवत असे. १९८२च्या आशियाई खेळांतली नौकानयनाची स्पर्धा त्याच तलावात झाली होती. नंतर तो कोरडा पडला, आणि ज्यांनी तिथे नावा पाहिल्या त्यांनीच तिथे गुरं चरताना पाहिली. नळाला पाणी आलं की उठून मोटर लावणाऱ्या घरात पाण्याची उधळपट्टी कुणाला परवडणार?

म्हणून हिशेब मांडायचाच असं ठरवलं. जेटखाली मापाचा मग धरून पाहिलं. एका वेळच्या धुण्याला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोल ठेवला, तो शंभर ग्रॅमच्या आसपास भरला. लाकडाचा लगदा आणि त्याचा कागद करायला टनामागे तीस ते पन्नास हजार लिटर पाणी धरलं तर एका रोलच्या वाट्याला तीन ते पाच लिटर येतं. अमेरिकेत माणूस वर्षाला १४०च्या आसपास रोल वापरतो, म्हणजे एक रोल अडीच-तीन दिवस. तेवढ्या दिवसांत धुणाऱ्याला लागणारं पाणीही जवळपास तितकंच. पाण्याच्या बाबतीत कागद जिंकत नाही, फार तर बरोबरी करतो. मग झाड, लगदा पांढरा करायची रसायनं, कागद वाळवायला वाफेने तापवलेल्या अजस्र सिलिंडरला लागणारं इंधन, प्लॅस्टिकचं वेष्टन, ट्रकचं डिझेल, हे सगळं कागदाच्याच खात्यावर उरतं.

आणि त्या हिशेबात खरा पाणीखाऊ सापडला, तो फ्लश. आमची जुनी टाकी एका ओढीत दहा लिटर सोडायची, आणि कागद वापरणारा पुष्कळदा दोनदा ओढतो. धुण्याच्या एका लिटरवरून वाद घालण्यापेक्षा ती टाकी बदलणं शहाणपणाचं होतं. तीन आणि सहा लिटरची दोन बटणं असलेली टाकी बसवली. वरच्या मजल्याची मोटर आता पूर्वीपेक्षा कमी वेळ चालते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं म्हणणं वेगळंच होतं, आणि माझ्या मनावर त्याचा परिणाम सर्वांत जास्त झाला. पाइप तुंबेल या भीतीने कित्येक पाहुणे वापरलेला कागद कोपऱ्यातल्या डब्यात टाकत. एके दिवशी त्या डबा हातात धरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "भाभीजी, ये रोज का काम है, पर इसे हाथ लगाना अच्छा नहीं लगता." डबा त्या रिकामा करणार, कचरा सकाळी हूपरमध्ये, म्हणजे कचरागाडीत, जाणार, आणि पुढे कुणीतरी माणूस तो हाताने वेगळा करणार. ज्याने कागद वापरला त्याला यातलं काहीच दिसत नाही. ओल्या वाइप्सची गोष्ट तर याहून वाईट. त्यांत बहुधा प्लॅस्टिकचे धागे असतात, ते पाण्यात विरघळत नाहीत. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपलच्या गटारात चरबी आणि वाइप्स मिळून १३० टनांचा, २५० मीटर लांबीचा दगडासारखा गोळा सापडला होता. आमच्या गल्लीतली लाइनही एकदा वाइप्सनीच तुंबली. आम्ही हट्टाने यंत्र मागवलं, पण शेजारचे एक गृहस्थ सहज म्हणून गेले की एका माणसाला उतरवलं तर स्वस्तात होईल. साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरी माणसं उतरतात आणि मरतात. गटार तुंबवणाऱ्या प्रत्येक गोष्टीशी या मरणांचा संबंध आहे असं मी मानते.

मग एकेक बदल होत गेला. दोन्ही बाथरूमना चांगला जेट बसवला, जोर कमी-जास्त करता येईल असा. जयपूरच्या जानेवारीत टाकीचं पाणी बर्फासारखं असतं आणि तेवढ्यासाठीच माणूस कागदाकडे वळतो, म्हणून गिझरच्या नळाखाली पितळेचा लोटा ठेवला. कोमट पाणी मिळालं की निम्मी तक्रार मिटते. उरलेली निम्मी ओलेपणाची. त्यासाठी सांगानेरी चादरी जुन्या झाल्या की त्यांचे हातभर तुकडे करून कडा शिवून घेतल्या. प्रत्येक पाहुण्याला स्वतःची अशी फडकी, फक्त धुतल्यावर टिपायला, आणि वापरलेली टाकायला झाकणाची टोपली. ती गरम पाण्यात धुऊन गच्चीवर टाकली की इथलं ऊन बघता बघता वाळवतं. रोल मात्र बाथरूममधून काढून खोलीच्या कपाटात ठेवला. हवा असेल त्याने जरूर घ्यावा, कुणावर सक्ती नाही. फक्त समोर लटकत असला की हात आपोआप जातो, कपाटात असला की विचार करून जातो.

सगळ्यांना हे रुचलं असं नाही. एक वयस्क फ्रेंच बाई पहिल्याच दिवशी रोल घेऊन गेल्या आणि शेवटपर्यंत तोच वापरला, त्याचं मला काही वाटलं नाही. पण बहुतेक जण दोन दिवसांत सरावतात, आणि कित्येकांनी जाताना जेटचा फोटो काढून नेला. मला खरी काळजी वाटते ती आपल्याच मुलांची. पुण्याहून आलेलं एक जोडपं जेट असताना रोल मागायला खाली आलं. ऑफिसात, मॉलमध्ये तीच सवय लागली आहे, असं ती मुलगी म्हणाली. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा ४ टक्के आणि टिश्यू कागदाच्या वापरात सुमारे २० टक्के, त्यातला बराच लगदा कॅनडाच्या उत्तरेकडच्या अरण्यांतून येतो. तिथल्या लोकांना ही सवय सोडणं जड जातं हे मी समजू शकते. आपण ती नव्याने का लावून घ्यावी?

माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. मार्च २०२०मध्ये तिकडच्या दुकानांतले टॉयलेट पेपरच्या फळ्या रिकाम्या झाल्या, तेव्हा तिने फोनवर सांगितलं, "आई, आमच्याकडे मग आहे, आम्हाला चिंता नाही." नंतर तिने कमोडला साधं धुण्याचं यंत्र जोडून घेतलं. तिच्या शेजारच्या अमेरिकन कुटुंबाने ते पाहून स्वतःच्या घरी बसवलं.

कागद अजिबात नको असं मी म्हणत नाही. सासूबाई शेवटचं वर्षभर अंथरुणावर होत्या. तेव्हा कोमट पाणी आणि मऊ सुती कापड हेच त्यांच्या त्वचेला मानवलं, पण मध्यरात्री एकट्या माणसाला सगळं आवरायचं असलं की कागदाचाही आधार होता. आजारपणात, प्रवासात, ज्याचा हात चालत नाही त्याच्यासाठी तो असावा. स्वयंपाकघरातला टिश्यू रोल आणि जेवणाच्या टेबलावरचे नॅपकिन मात्र आम्ही पूर्ण बंद केले, आणि त्यांच्यावाचून एकाही दिवशी अडलं नाही.

घराचं किंवा लॉजचं बाथरूम नव्याने बांधत असाल तर एवढं करा. कमोडशेजारी हात पोचेल असा जेट बसवा, त्याला गरम पाण्याचीही जोडणी द्या, टाकी दोन बटणांची घ्या. रोल मागितल्यावर द्या, आणि घ्यायचाच झाला तर रद्दीपासून केलेला घ्या. वाइप्स कमोडमध्ये टाकू नका आणि कुणाला टाकू देऊ नका.