लेकीचा मेपल, माझा कडुनिंब

माघातली गोष्ट. टोरांटोहून लेकीचा फोन आला. आवाज रडवेला. "आई, अंगणातल्या मेपलची एक फांदी छपरावर येत होती. परवा कापली, तर कापल्या जागेतून पाणी टपटपतंय. दोन दिवस झाले, थांबतच नाही. झाड रडतंय गं! मला पाप लागलं का?"

मी काय उत्तर देणार? राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या घराच्या चौकात मी तेव्हा कडुनिंबाखालीच बसले होते, आणि त्या झाडाचं देणं माझ्याच डोक्यावर आहे.

हा निंब सासूबाईंनी लावला. त्या गेल्यावर आम्ही त्याला हात लावला नाही. कारण एक माया, दुसरं धर्म. वनस्पतीही एकेंद्रिय जीव, मग फांदी का तोडा? बारा वर्षं तो हवा तसा वाढला. फांद्या शेजाऱ्यांच्या कौलांवर गेल्या, विजेच्या तारांना टेकल्या. शेवटी एका ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, घाईघाईनं एकाला बोलावलं. त्यानं दोन तासांत झाडाचं मुंडकंच उतरवलं. वर कावळ्याचं घरटं होतं. ते खाली आल्यावर कळलं.

पुढच्या वर्षी त्या ठुंठातून केरसुणीसारखे फुटवे आले. आम्ही म्हटलं, बघा, झाड कसं बहरलं! पण असे फुटवे सालीला वरवर चिकटलेले असतात, त्यांची गाठ खोडात खोल नसते. आणि वरचा कापलेला भाग उघडा राहिला, की तिथून आत कूज उतरते. चौथ्या पावसाळ्यात, भर दुपारी, मांडीएवढा फुटवा कडाडून चौकात पडला. जावेचा नातू पाच मिनिटांपूर्वी तिथंच गोट्या खेळत होता. ते आठवलं की अजून हातपाय गार पडतात.

त्या रात्री झोप आली नाही. लहानपणी पाठशाळेत अनर्थदंड शिकवला होता, म्हणजे ज्याचं काही प्रयोजन नाही अशी हिंसा. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचा एक प्रकार प्रमादचर्या सांगितला आहे, आणि विनाकारण झाडं तोडणं त्यातच येतं. मी आजवर त्यातला 'तोडणं' हा शब्दच धरून बसले होते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, याकडे लक्षच गेलं नव्हतं. बारा वर्षं वर न बघणं हा प्रमाद, आणि एका दुपारी न बघता सगळं कापून टाकणं हाही प्रमादच.

मग ओळखीतून एक म्हातारे माळीबाबा आले. आधी अर्धा तास ते नुसते झाडाभोवती फिरले. म्हणाले, "बाईजी, पहले देखो, फिर काटो." त्यांनी शिकवलं ते तुम्हालाही सांगते. निंब छाटायचा तो पानगळीच्या दिवसांत, चैत्रपालवीच्या आधी. आधी घरटं बघायचं. वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या पहिल्या काढायच्या. एका खेपेला पाव हिश्शाहून जास्त झाड कमी करायचं नाही. जड फांदी थोडी लांबून आधी खालून अर्धवट कापायची, मग वरून, म्हणजे ती पडताना साल सोलत नेत नाही. उरलेला तुकडा शेवटी काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथं सुजल्यासारखी कड असते, त्या कडेला धक्का न लावता तिच्या बाहेरून काप घ्यायचा. ठुंठ ठेवायचं नाही. ती कडच हळूहळू जखमेवर साल ओढून घेते. वर शेण, डांबर, रंग काही लावायची गरज नाही.

लेकीला हे सगळं सांगितलं. तिनंही तिकडच्या एका जाणत्या माळ्याला विचारलं. थंडी सरताना, रात्री बर्फ आणि दिवसा ऊन असं असतं तेव्हा मेपलच्या अंगातला रस जोरात वाहतो. तिकडे शुगर मेपलचा हाच रस आटवून पाक करतात, साधारण चाळीस लिटरचा एक लिटर. रस गळल्यानं झाड मरत नाही. पान फुटलं की गळणं आपोआप थांबतं. पुन्हा कधी छाटायचं झालं, तर उन्हाळ्यात, पानं पूर्ण भरल्यावर छाटावं, म्हणजे फार गळत नाही.

"म्हणजे पाप नाही ना?" तिनं पुन्हा विचारलं.

मी तिला लेश्यांची गोष्ट आठवून दिली. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. एकाला झाड मुळासकट हवं, तो कृष्ण लेश्येचा. दुसऱ्याला खोड, तिसऱ्याला मोठी फांदी, चौथ्याला डहाळी, पाचव्याला फक्त फळं. सहावा खाली पडलेली जांभळं वेचतो, तो शुक्ल लेश्येचा. "आपण संसारी माणसं," मी म्हटलं, "सहाव्यासारखं रोज जमत नाही. पण हातात करवत घेताना आपण कितव्या आहोत, एवढं तरी विचारावं."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तू त्या दिवशी कितवी होतीस?"

"पहिली," मी म्हटलं.

या माघात माळीबाबा पुन्हा येऊन गेले. वाळलेल्या तीनच फांद्या काढल्या. कौलांवरची एक मी ठेवायला सांगितली. शेजारच्या काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, राहू दे, उन्हाळ्यात तेवढीच सावली.