लोणारच्या काठावर हुशार मुले

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जायचे तर मेहकरहून किंवा जालन्याहून एस.टी. सोयीची. गाव ओलांडले की जमीन एकदम संपते आणि समोर प्रचंड वाडगा दिसतो. तळाशी खारे सरोवर. गेल्या हिवाळ्यात सातवी-आठवीच्या चौदा मुलामुलींना घेऊन आम्ही दोघे शिक्षक तेथे गेलो. बहुतेक सारी शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेली. कित्येकांच्या घरात वही-पुस्तक प्रथम आले ते त्यांच्यामुळेच.

काठावर पहिले काम दिले. जे दिसते, ऐकू येते, ज्याचा वास येतो, तेवढेच लिहायचे. वह्या पाहिल्या तर नऊ जणांनी ‘उल्कापाताने झालेले विवर’ असे लिहिलेले. पाच जणांनी ‘निळेशार पाणी’. समोर पाणी तर शेवाळासारखे हिरवे! एका मुलीच्या वहीत ‘हिरवट’ हा शब्द खोडरबराने पुसून त्यावर ‘निळे’ लिहिले होते. शेजारी वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा बसला होता.

“सर, चित्रात निळेच असते ना,” ती हळूच म्हणाली.

गुण मिळविणाऱ्या आपल्या लेकरांचे दुखणे हेच. चुकण्याची धास्ती एवढी, की स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. तो शब्द तिला पुन्हा लिहायला लावला, पेनाने.

आणि उल्का पडताना कोणी पाहिली? तो निष्कर्ष झाला, निरीक्षण नव्हे. भोवताली सगळा ज्वालामुखीचा काळा खडक. म्हणून हेही ज्वालामुखीचेच काम, असे भूशास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येथील खडकात मॅस्केलिनाइट ही जबर आघातानेच बनणारी काच दाखविली गेली, तेव्हा पारडे फिरले. वयाचा वाद तर अजून आहे. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येतात, दुसरीने ५ लाख ७० हजार!

“मग परीक्षेत काय लिहायचे?” पहिल्या नंबरचा मुलगा अस्वस्थ झाला. प्रश्न रास्त होता, आणि उत्तर आमच्याकडेही सोपे नव्हते.

समोरचा काठ किती लांब, हे नजरेने सांगा म्हटले तर अर्ध्या किलोमीटरपासून पाच किलोमीटरपर्यंत अंदाज आले. व्यास सुमारे १.८ कि.मी. आहे असे सांगताच परीघ मात्र सर्वांनी तोंडी काढला. आकडेमोडीत ही मुले कुठेच कमी नाहीत.

मग खाली उतरलो. हे अभयारण्य असल्याने पान तोडायचे नाही, दगड उचलायचा नाही. झाडांची विभागणी मुलांनी आपणच केली: उतारावर साग, खाली बाभळी, काठाजवळ नुसता चिखल. असे का, यावर चांगली हुज्जत झाली. पाण्यात लाल लिटमस बुडविण्याआधी प्रत्येकाने आपला होरा लिहून ठेवायचा होता. कागद क्षणात निळा झाला. वर धारेच्या गोड्या पाण्यात मात्र तो फारसा बदलला नाही. तेथे होरा चुकलेल्यांपैकी दोघांनी वहीतले उत्तर गुपचूप बदलले. सवय एका दिवसात जात नाही.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याच्या मुळाशी निघाले. हे सांगताच ‘हिरवट’वाली मुलगी म्हणाली, “हिरवे कधी, गुलाबी कधी, हे दर महिन्याला कोणी लिहून ठेवते का, सर?” तिचा मामा मेहकरला राहतो. प्रत्येक सुट्टीत येऊन तारखेसह रंग टिपायचा, असे तिने तेथेच ठरवले. मे महिन्याचे पान आखूनही झाले आहे.

मुलांना नेणाऱ्या पालकांनी टोपी, भरपूर पिण्याचे पाणी आणि लिटमस कागद जवळ ठेवावा. उतरायला वेळ लागत नाही, चढताना दम निघतो.