दुबलगुंडीचा कवडसा

हुमनाबादहून दुबलगुंडीला जाणाऱ्या बसमध्ये कन्नड, मराठी आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच तिकिटात ऐकायला मिळतात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि हुमनाबाद, भालकी म्हैसूर राज्यात. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोळ एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, त्याचे कारण हे.

आमचे इथले घर माळवदाचे. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या आणि मातीचे छत. छताला उजेडासाठी एक भोक ठेवलेले असते, त्याला कुणी साणे म्हणते, कुणी सवणे. पाडव्यानंतर हे घर उतरवून स्लॅब टाकायचे ठरले आहे, आणि ते योग्यच आहे. दर पावसाळ्यात गळणाऱ्या छताखाली आज्जीने आणखी किती वर्षे पातेली मांडत बसायचे? पण या घराचा धड एकही फोटो नाही. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (1844–1905) यांनी महाल, दरबार, शिकारी यांचे सुंदर फोटो काढले. खेड्यातल्या माळवदांकडे कॅमेरा वळवायला कोण येणार?

मुलांनी मोबाइलवर शंभर फोटो काढले आणि विसरून गेली. मग दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चहापत्तीच्या डब्याचा कॅमेरा केला.

खरे तर पहिला कॅमेरा घरातच होता. बारीक छिद्रातून जमिनीवर पडणारा गोल कवडसा म्हणजे सूर्याचे चित्र असते. छिद्र वेडेवाकडे असले तरी कवडसा गोलच पडतो, आणि ग्रहणात त्याची कोर होते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली आतल्या भिंतीवर दाखवतात, तीही याच न्यायाने. गोपुराच्या शेंड्याकडून येणारा किरण छिद्रातून सरळ खाली जातो, पायाकडचा वर जातो, म्हणून चित्र उलटे.

डब्याला आतून काळा रंग दिला. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापून त्याला सुईच्या टोकाने भोक पाडले, कडा बारीक पॉलिश कागदाने घासल्या. छिद्रापासून कागद 10 सेंटिमीटरवर असेल तर भोक साधारण 0.4 मिलिमीटरचे हवे. मोठे झाले तर चित्र धूसर, फार लहान झाले तर प्रकाश पसरून पुन्हा धूसरच. समोरच्या बाजूला फोटोचा कृष्णधवल कागद लावायचा. हे काम कोठीच्या खोलीत, लाल बल्बखाली केले. हा कागद लाल रंगाला आंधळा असतो.

"मुंगीएवढं भोक, त्यातनं आख्खं घर कसं मावंल?" आज्जीने विचारले. उन्हात एक मिनिट, अंगणातल्या सावलीत सात-आठ मिनिटे, एवढ्या वेळात मावले. कागद धुवायला कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांचे पाणी चालते. चित्र टिकवायला मात्र हायपो लागतो. निघते ती निगेटिव्ह, ती मोबाइलने उलटवून घ्यायची. आमच्या चित्रात समोरून गेलेल्या दोन मोटारसायकली आणि एक म्हैस कुठेच नाहीत. भिंत आहे, उंबरा आहे, आणि भिंतीला टेकून बसलेली आज्जी आहे. चेहरा थोडा हललेला, गुडघ्यावरच्या बांगड्या मात्र स्पष्ट.

आता मुलांना ओली काच हवी आहे. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ही रीत प्रसिद्ध केली. इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले कलोडियन काचेवर ओतायचे, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचे आणि काच ओली असतानाच फोटो काढून धुवायचा. हाताशी दहा-एक मिनिटे असतात. इथर 34.6 अंशाला उकळते, आणि कलबुर्गीचा मे महिना 40 च्या पुढे! हे काम पौषातल्या सकाळीच करावे. डब्याच्या भोकातून तर त्यातली पाच-आठ मिनिटे उजेडातच जातील. म्हणून इथे भिंगाचा जुना कॅमेरा घेणे शहाणपणाचे. इथर पेटते, सिल्व्हर नायट्रेट डोळ्यांना घातक. जाणत्या माणसाशिवाय मुलांनी हात लावायचा नाही, हे मी निक्षून सांगितले आहे.

ओल्या काचेला निळा रंग दिसतो, तांबडा-पिवळा जवळजवळ नाही. बिदरच्या पठारावरची जांभ्याची लाल माती तिच्यात काळी येईल, आकाश पांढरे. आज्जीचे कुंकू काळे, आणि निळे इरकल फिकट.

काचेऐवजी काळा रोगण दिलेला पत्रा वापरला तर उजळ भाग चांदीचे आणि सावली म्हणजे खालचा काळा पत्रा. हे ऐकल्यावर बिदरच्या माणसाला बिदरीची सुरई आठवलीच पाहिजे. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची तार ठोकायची, मग ऊन-पाऊस न लागलेली किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात भांडे घालायचे. धातू काळाकुट्ट होतो, चांदी तशीच लखलखते. एकीकडे हातोडी, दुसरीकडे ऊन, एवढाच काय तो फरक.

संक्रांतीला गावी येणार असाल तर घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा घेऊन या. घर पाडव्यापर्यंत उभे आहे. नव्या स्लॅबला साणे ठेवायचे की नाही, यावर मात्र घरात अजून वाद चालू आहे. गवंडी म्हणतो गळेल, आज्जी म्हणते ठेवा.