वेदनेचा दूत

वेदना कोणास प्रिय नाहीं. तथापि ती आपली वैरीण नव्हे. पायांत कांटा रुततांच मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे धांवणारा तो दूत आहे. उत्तर पाकिस्तानांत जन्मतःच वेदना न जाणणारा एक मुलगा होता. तो निखाऱ्यांवरून चाले, हातांत सुरे खुपसून लोकांस खेळ दाखवी. कोवळ्या वयांतच, छपरावरून उडी मारून, तो मरण पावला. त्याच्या बिरादरींतील अशाच मुलांचा अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध झाला. मज्जातंतूंवर सोडियमचे कण आंत घेणारीं सूक्ष्म दारें असतात; तीं उघडलीं म्हणजे निरोप पुढें जातो. त्यांतील एक दार या मुलांत निकामी होतें.

परंतु उपचार सुरू झाले तरी हा दूत हाकाटी थांबवीत नाहीं. आमच्या आजीस अखेरच्या दुखण्यांत मॉर्फीनमुळेंच झोंप मिळे. म्हणून अफूपासून निघालेल्या औषधांस आम्ही सरसकट विष म्हणणार नाहीं. मात्र तीं थेट राजधानींत शिरून राजासच गुंगवितात. मेंदूस चटक लागते, मात्रा वाढत जाते, आणि ती अति झाली तर श्वासच थांबतो.

व्यसन न लावणारें औषध सांपडल्याची द्वाही पूर्वींही फिरली आहे. १८९८ सालीं जर्मनींतील बायर कंपनीनें खोकल्यावर एक नवें औषध विक्रीस आणिलें. मॉर्फीनसारखी त्याची संवय लागत नाहीं, असें तेव्हां अनेकांस वाटलें. त्याचें नांव हेरॉइन!

आतां निराळी वाट शोधिली गेली आहे. वेदनेच्या तंतूंवरील तशाच दुसऱ्या एका दारास कडी घालावी, म्हणजे निरोप वेशीवरच अडेल आणि राजा जागा राहील. या तत्त्वावरचें सुझेट्रिजीन हें औषध ३० जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेंत मान्य झालें. ती मान्यता प्रौढांच्या मध्यम ते तीव्र, अल्पकालीन वेदनेपुरतीच होती. आणि चाचण्यांत अफूवर्गीय औषधाच्या गोळीहून तें सरस ठरलें नाहीं.

हें वाचून कोणी हिरमुसूं नये. १८९८ सालीं द्वाही आधीं फिरली व परीक्षा मागाहून झाली. या वेळीं उणीवही उघड मांडली गेली, हेंच आम्हांस आशादायक वाटतें. विद्यार्थिबंधुभगिनींपैकीं कोणी पुढें प्रयोगशाळेंत शिरेल, त्यानें द्वाहीची घाई करूं नये. खाटेवरचा रोगी रात्र कशी काढतो, हें मात्र क्षणभरही विसरूं नये.