ऐकू येतंय ना?

माझ्या आईला ऐकू येईनासं झालं, हा शोध मी लावला. शोध लावणारा माणूस स्वतःवर खूष असतो म्हणतात. मीही नाही म्हटलं तरी थोडासा खूष होतोच. रोज उठून तिच्याशेजारी वावरणाऱ्या धाकट्या भावाला जे कळलं नाही, ते मला दूर साताऱ्यात बसून कळलं होतं!

आई राजापूरजवळच्या आमच्या गावी भावाकडे असते. मी राहतो साताऱ्यात आणि कोरेगावच्या एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो. रोजचं हे जाणं-येणं बरीच वर्षं मी एस. टी.नं केलं. दोन वर्षांपूर्वी एक जुनी मोटार घेतली. गाडी जुनी असली तरी पहिल्या मालकानं तिच्यात गाणी वाजवायचं यंत्र नवं बसवलेलं होतं. या यंत्राचं आणि आपल्या खिशातल्या मोबाईलचं आपोआप सूत जुळतं. फोन आला की गाणं थांबतं, पलीकडच्या माणसाचा आवाज गाडीभर घुमतो आणि आपण स्टिअरिंगवरचे हात न काढता समोर बघत बोलायचं. आपलं बोलणं ऐकण्यासाठी यंत्राच्या दर्शनी भागावर, बटणांच्या शेजारी, मोहरीच्या दाण्याएवढं एक भोक असतं. त्याच्या आत माईक. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक रीतीनं गाडी चालवण्यात जमा झालं. मी कायदा पाळणारा मास्तर! तेव्हा हे यंत्र मला फारच सोयीचं वाटलं. शाळा सुटली, जरंडेश्वराचा डोंगर मागं पडला, की आईला फोन लावायचा आणि माहुलीचा पूल येईपर्यंत बोलायचं, असा माझा नेमच होऊन गेला.

मागच्या वर्षी दसऱ्याला आई साताऱ्याला आली होती. मुलानं मोटार घेतली याचं तिला केवढं अप्रूप! गाडीची पूजा तिनं स्वतः केली. झेंडूची माळ, आपट्याची पानं, हळदकुंकू, नारळ, सगळं अगदी यथासांग. चार दिवस राहून ती गावी परतली, आणि परतल्यापासूनच तिच्या कानांची तक्रार सुरू झाली.

म्हणजे, तक्रार तिची नव्हे, माझी.

“आई, जेवलीस का?” असं मी विचारावं, आणि तिनं म्हणावं, “हो रे, थांबला एकदाचा पाऊस.” मी विचारावं, “गुडघा कसा आहे?” की उत्तर यायचं, “आहे ना, इथंच आहे अंगणात.” सुरुवातीला मी हसलो. मग आवाज चढवला. मग आणखी चढवला. पुढं पुढं तर शाळेत सहा तास ओरडून घसा जितका बसत नसे, तितका तो माहुलीपर्यंतच्या रस्त्यात बसू लागला. शेजारून जाणारे मोटारसायकलवाले माझ्याकडे वळून बघत. एकटाच माणूस गाडीत बसून कुणावर एवढा संतापलाय, असं त्यांना वाटत असणार!

आता इतरही काही माणसं मला ‘ऐकू येत नाही’ म्हणत होती. पण त्यांची कारणं माझ्यापाशी तयार होती. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, “सर, आवाज नीट येत नाही, उद्या बोलू.” मला वाटलं, रजेचा विषय टाळतायत. माझ्या कादंबरीच्या प्रकाशकांनीही तेच सांगितलं. पण मानधनाची गोष्ट काढल्यावर प्रकाशकाला लेखकाचा आवाज ऐकू येत नाही, यात नवल ते काय? प्रत्येकाचा दोष मी वेगवेगळा ठरवून टाकला होता. एकाचा स्वभाव, एकाचा व्यवहार, आणि आईचे कान.

भावाला फोन करून मी निकाल सांगितला. तो म्हणाला, “दादा, माझ्याशी तर ती चांगली बोलते. माजघरातून हाक मारली तरी ओ देते.”

“जवळच्या माणसाला कळत नाही,” मी म्हणालो. “तू तिला रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.”

बिचारा गेला. डॉक्टरांनी कानांवर यंत्र लावून तपासलं आणि वयाच्या मानानं कान उत्तम आहेत असं सांगितलं. त्यावर मी काय म्हणालो असेन? “त्यांचं यंत्र बिघडलेलं असेल!”

हे आठवलं की आजही माझी मान खाली जाते. कारण एवढं होईपर्यंत आई बदलली होती. शिकलेला थोरला मुलगा इतक्या खात्रीनं सांगतो म्हणजे आपण बहिऱ्या झालोच असणार, असं तिनं मनाशी मान्य करून टाकलं. सोमवारच्या भजनाला जाणं तिनं सोडलं. “मला मेलीला टाळ कुठला नि शब्द कुठला ते कळायचं नाही,” म्हणायची. कुणी आलं तर मागच्या पडवीत जाऊन बसायची. माझा फोन आला की दोन शब्द बोलून तो सूनबाईच्या हातात द्यायची. आणि मी इकडं येत्या दिवाळीत तिला कानात घालायचं यंत्र घेऊन द्यावं म्हणून दरमहा थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होतो!

श्रावणातली गोष्ट. मी गाडीत होतो आणि घरून मुलीचा फोन आला. ती आठवीत आहे. तिचे कान इतके तीक्ष्ण, की स्वयंपाकघरात लाडवाचा डबा उघडला तर गच्चीवर कळतं. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही गोधडीत तोंड घालून बोलताय का?”

मी गाडी बाजूला घेतली. आईचे कान म्हातारे. पण हे कान तेरा वर्षांचे होते.

घरी आल्यावर आम्ही बापलेकीनं तपास सुरू केला. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं आणि पुढं चित्रकलेचं. विजेच्या वाटेला मी कधी गेलेलो नाही. पण पोरगी शास्त्राच्या पुस्तकातल्यासारखी पद्धतशीर निघाली. पहिली गोष्ट, दोष फोनचा की गाडीचा? मी अंगणात उभा राहून नुसत्या फोनवरून बोललो. आवाज लख्ख! फोन सुटला. मग माझा फोन बंद करून हिचा फोन गाडीच्या यंत्राला जोडला. तिच्याही आवाजाला गोधडी! म्हणजे गाडीच दोषी. मग इंजिन बंद, काचा बंद, पंखा बंद. कारण पंख्याचा वारा माईकवर आला तरी बोलणं बुडून जातं. पण एवढ्या शांततेतही फरक नाही. यंत्राच्या पडद्यावर माईकचा आवाज कमी-जास्त करायची सोय होती, ती शेवटच्या टोकाला नेली. गोधडी तेवढी जाड झाली!

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलो, ती गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे. वर्गात हा मुलगा फार हळू बोलायचा. “घशात बोळा बसलाय का रे? मोठ्यानं बोल!” असं मी त्याला कितीदा तरी सुनावलं असेल. आता त्याच्याच दारात हे गाऱ्हाणं घेऊन मी उभा!

त्यानं लगेच पाने-पेचकस काढले नाहीत. मला गाडीत बसवलं, स्वतःचा फोन कानाला लावून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐकलं. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं वर्गात कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. मग येऊन म्हणाला, “सर, वायर सैल असती तर आवाज तुटक आला असता. अर्थिंग खराब असतं तर गुणगुण आली असती. वायर तुटलीच असती तर काहीच आलं नसतं. तुमचा आवाज सलग येतोय, पण दबून. म्हणजे माईकच्या तोंडावर काहीतरी आडवं आलंय.”

खात्रीसाठी त्यानं यंत्राच्या पाठीमागच्या खाचेत एक वेगळा माईक जोडला. पलीकडून त्याच्या पोऱ्यानं ओरडून सांगितलं, “आता झकास!” म्हणजे यंत्र चांगलं, वायरी चांगल्या, दोष उरला तो फक्त त्या मोहरीएवढ्या भोकापाशी. त्यानं विजेरी धरली, खाली वाकून पाहिलं आणि अगदी पूर्वीसारखं हळू विचारलं, “सर, हा टिळा कधीपासून आहे?”

तो टिळा मी रोज बघत होतो! आईनं दसऱ्याला बॉनेटवर स्वस्तिक काढलं, स्टिअरिंगला बोट लावलं आणि शेवटी पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं बोट या यंत्राच्या कपाळीही टेकवलं होतं. तिथं बरोबर एक बारीकशी खळगी होती, जणू टिळ्यासाठीच केलेली. ओलं कुंकू आत उतरलं आणि वाळून घट्ट झालं. गाडी पुसताना आजूबाजूची धूळ मी काढत असे. पण आईच्या हातचं कुंकू म्हणून तो ठिपका तेवढा जपून ठेवत असे. दहा महिने!

“काढू ना सर?” त्यानं विचारलं. देवाला विचारावं तसं विचारलं. मी मान हलवली.

मी टाचणी पुढं केली, तर तो घाईघाईनं म्हणाला, “टाचणी नको. आत पडदा असतो.” यंत्राचं तोंड उघडून त्यानं माईक आधी बाजूला काढला. नखाएवढी एक डबी. आवाजाच्या लाटांनी तिच्या आतला पातळसा पडदा थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते, एवढंच या माईकचं काम. मग मऊ कुंचल्यानं आणि थोड्याशा स्पिरिटनं त्यानं ते भोक धुतलं. कुंचला धरायची त्याची रीत मी ओळखली. ती मीच शिकवली होती.

या असल्या माईकची कथा मी नंतर शोधून वाचली. लोहचुंबकात चुंबकत्व टिकतं, तसा ज्याच्यात विद्युतभार टिकून राहतो असा पातळ पडदा वापरून हा माईक १९६२ साली जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार केला. ज्यांच्या नावाची ही प्रयोगशाळा, त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८७६ साली टेलिफोनचं पेटंट मिळवलं, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. त्यांची आई जवळजवळ बहिरी होती, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. इतर माणसं तिच्या कानाला लावलेल्या नळीत मोठ्यानं बोलत. बेल आपलं तोंड आईच्या कपाळापाशी नेत आणि खालच्या, स्पष्ट स्वरात बोलत. तिला ते समजे.

ज्याची आई खरोखर बहिरी, तो तिच्याजवळ गेला. माझी आई धडधाकट कानांची, आणि मी दुरून ओरडत राहिलो. आपला शब्द समोरच्याला पोचला नाही की आपण आधी त्याचे कान तपासतो. वर्गात मुलांना समजलं नाही तर मुलं ढ, कादंबरी आवडली नाही तर वाचक अरसिक. आपल्या तोंडापाशी काही आडवं आलं असेल, ही शंका सगळ्यांत शेवटी येते!

त्या संध्याकाळी माहुलीच्या अलीकडं एका झाडाखाली मी गाडी उभी केली आणि फोन लावला. तो वहिनींनी घेतला, म्हणजे भावाच्या बायकोनं. “आई घ्यायला नको म्हणतायत, भाऊजी,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “एकदाच द्या.”

“आई,” मी अगदी हळू म्हणालो.

“अरे! आज शेजारी बसून बोलल्यासारखा बोलतोयस!”

मग मी सगळं सांगितलं. तिचे कान चांगले आहेत, बिघाड माझ्या गाडीतल्या यंत्रात होता, चूक माझी होती. कुंकवाची गोष्ट तेवढी गाळली. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, रागावली. रागवायला हवंच होतं.

“म्हणजे तुला काही झालं नव्हतं ना?” तिनं विचारलं.

“मला? मला काय व्हायचंय?”

“नाही रे, तुझा आवाज खोल गेल्यासारखा यायचा. मधेच ओरडायचास. मला वाटे, पोराचं काहीतरी बिनसलंय आणि सांगत नाही. सोमवार धरलेत मी तुझ्यासाठी.”

मी दोष तिच्या कानांत शोधत होतो, आणि ती त्याच आवाजात माझं दुःख शोधत होती. यंत्र एकच बिघडलं होतं!

काय बोलावं मला सुचेना. तीच म्हणाली, “उद्यापासून भजनाला जाते हो. आणि दिवाळीला गाडी घेऊनच ये. मी कुंकू लावीन. मागं लावलं होतं ते आहे का रे अजून?”

दुकानातून निघण्यापूर्वी माझ्या त्या विद्यार्थ्यानं पुसून निघालेलं कुंकू ओल्या कुंचल्यावर घेऊन यंत्राच्या वरच्या कडेला, भोकापासून चांगलं चार बोटं दूर, एक नेटका ठिपका दिला होता. तो माझ्या समोरच होता.

“आहे,” मी म्हणालो. “जागा तेवढी बदललीय.”