बाहेर काढणं सोपं, आत घालणं अवघड



बारावीला जैवतंत्रज्ञानाचा धडा आला की मी सुरुवात केळ्यापासून करते. एक पिकलेलं केळं, चिमूटभर मीठ, भांडी घासायचं लिक्विड, गाळायला जुन्या सुती ओढणीचा तुकडा आणि फ्रीजमध्ये ठेवलेलं गार स्पिरिट. केळं कुस्करायचं, मीठ-साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने मिसळायचं, गाळायचं आणि ग्लासच्या कडेकडेने स्पिरिट हळूच सोडायचं. थोड्याच वेळात दोन थरांच्या मध्ये पांढरे, शेंबडासारखे धागे दिसू लागतात. तो डीएनए. काडीवर गुंडाळून उचलताही येतो. तुम्ही अजून केलं नसेल तर घरी मुलांसोबत जरूर करा, पन्नास रुपयांच्या आत होतं.

यंदा ते धागे काडीवर धरून मी वर्गाला बोलून गेले, "पाहा, किती सोपं आहे! आता हवा तो तुकडा दुसऱ्या पेशीत घातला की झालं काम."

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. तिचं नाव इथे लिहीत नाही. आमचा भाग विदर्भातला, सिकलसेलचा पट्टा. हिला 'एसएस' आहे, म्हणजे वाहक नव्हे तर प्रत्यक्ष आजारी. वर्षातून दोन-तीनदा हाडं दुखून दवाखान्यात भरती होते, हजेरीपटात तिच्या नावासमोर आठ-आठ दिवस गैरहजेरी असते. ती म्हणाली, "मॅडम, एवढं सोपं आहे तर माझ्या पेशींमध्ये चांगला जीन का नाही घालत?"

मी "उद्या सांगते" म्हटलं. ते उद्या चार दिवसांनी आलं. त्या चार दिवसांत मी जे पुन्हा वाचलं आणि तिला सांगितलं, ते तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण "घातला की झालं काम" हे वाक्य तुमच्याही तोंडून गेलं असणार.

आधी माझी चूक. केळ्याच्या प्रयोगात साबण पेशीचं पटल विरघळवतो. पेशी मरते, म्हणून डीएनए बाहेर येतो. घर पाडून सामान बाहेर काढण्यासारखं ते आहे. आत घालताना मात्र घर शाबूत हवं, घरचे जिवंत हवेत. आणि दार बंद असतं. पेशीचं पटल स्निग्ध, तर डीएनए पाण्यात राहणारा. शिवाय फॉस्फेटमुळे त्याच्यावर ऋण भार, आणि पेशीच्या पृष्ठभागावरही ऋण भारच जास्त. दोघं एकमेकांना ढकलतात. परका डीएनए आत येऊ नये अशीच ही रचना आहे, आणि ते बरंच आहे, नाहीतर दररोज जेवणातून किती डीएनए पोटात जातो त्याचं काय झालं असतं!

मग माणसाने दार कसं उघडलं? 1970 मध्ये मँडेल आणि हिगा यांनी दाखवलं की ई. कोलाय जिवाणू कॅल्शियम क्लोराइडच्या थंड द्रावणात ठेवले की ते डीएनए आत घेतात. कॅल्शियमचा धन भार मधे पडून भांडण मिटवतो असं मी मुलांना सांगते. पुढे त्यात उष्णतेचा झटका आला: बर्फातून उचलून 42 अंशांवर मिनिटभर आणि परत बर्फात. तरीही लाखो-कोटींतले थोडेच जिवाणू डीएनए घेतात. ते शोधायला अँटिबायोटिक वापरतात, बाकीचे मरतात आणि घेतलेले उरतात. जिवाणूंच्या बाबतीत हे चालतं. कितीही मेले तरी कोणी रडत नाही.

1982 मध्ये विजेचा झटका वापरून उंदराच्या पेशींत जनुक घालता आलं. क्षणभराच्या झटक्याने पटलाला बारीक छिद्रं पडतात आणि बहुतेक ती पुन्हा बुजतात. याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, मुलीच्या प्रश्नाकडे जाताना पुन्हा लागेल.

वनस्पतींचं वेगळंच. तिथे पटलाबाहेर जाड पेशीभित्तिका. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो उपाय काढला तो ऐकून माझा वर्ग दरवर्षी हसतो: सरळ बंदूक! टंगस्टनचे काही मायक्रोमीटरचे कण घ्यायचे, त्यांवर डीएनए किंवा आरएनए चढवायचा, ते प्लास्टिकच्या गोळीच्या टोकावर ठेवायचे आणि बारूद उडवायची. गोळी पुढच्या पट्टीवर अडते, कण मधल्या भोकातून सुटतात आणि पेशींत घुसतात. निशाणा कशावर? कांद्यावर. आपण नववीला ज्याची स्लाइड करतो तोच कांद्याचा पापुद्रा, कारण त्याच्या पेशी मोठ्या आणि एका थरात असतात. 1987 मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. पुढे बारुदीच्या जागी हेलियमचा दाब आणि टंगस्टनच्या जागी बहुधा सोनं आलं. सॅनफर्ड यांची बंदूक आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कांद्याची स्लाइड करताना ही गोष्ट सांगून बघा, एरवी झोपणारी मागची बाकंसुद्धा जागी होतात.

निसर्गाने मात्र बंदुकीशिवाय हे काम कधीच जमवलेलं होतं. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू जखमी झाडाच्या स्रावाचा माग काढत येतो आणि आपल्या टीआय प्लाझ्मिडमधला एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो आणि तिथे गाठ वाढते. शास्त्रज्ञांनी गाठीची जनुकं काढून टाकली, तिथे हवं ते जनुक ठेवलं आणि पोचवण्याचं काम जिवाणूलाच करू दिलं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कापूस. 2002 मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत बोंडअळीला मारणाऱ्या प्रथिनाचं जनुक याच वाटेने गेलं होतं. एक मुलगा लगेच म्हणाला, "पण मॅडम, गुलाबी अळी तर तरी येते." येते. 2017 साली आमच्या भागाने ते चांगलंच सोसलं. जनुक आत गेलं तरी अळी बदलायची थांबत नाही, हा वेगळ्या तासाचा विषय आहे.

आता माणूस. माणसाला बंदूक मारता येत नाही, आणि विजेचा झटका देऊन कोटी-कोटी पेशी मरू द्यायच्या हेही अंगात चालत नाही. इथे विषाणू कामाला येतो. विषाणूचं आयुष्यच मुळी आपलं जनुकीय सामान दुसऱ्याच्या पेशीत पोचवण्यात जातं. त्यातलं आजाराचं सामान काढायचं आणि आपलं भरायचं. तुमच्यापैकी ज्यांनी पुण्यात बनलेली कोविशिल्ड घेतली, त्यांच्या दंडात चिंपांझीच्या अ‍ॅडिनोव्हायरसमधून कोरोनाच्या काट्याचं जनुक गेलं. पालकसभेत अजूनही कोणीतरी विचारतं, "लशीने आपले जीन बदलले का?" नाही. हा विषाणू वाढू शकत नाही असा केलेला आहे आणि त्याचं जनुक आपल्या गुणसूत्रात जोडलं जावं अशी त्याची रचनाच नाही.

पण विषाणू पाठवला की शरीर त्याला ओळखतं. 1999 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा यकृताच्या एका आनुवंशिक आजारासाठी अशाच प्रयोगात स्वतःहून सामील झाला. अ‍ॅडिनोव्हायरसमधून जनुक दिलं आणि त्याच्या शरीराने इतका तीव्र प्रतिकार केला की चौथ्या दिवशी तो गेला. हे तिला सांगावं की नाही यावर मी खूप विचार केला. ती सतराची. शेवटी सांगितलं. "का नाही घालत?" असं विचारणाऱ्याला तेवढं कळायचा हक्क आहे असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

मग मी तिला स्टाफरूममध्ये बसवून तिच्या आजाराकडे आले. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्याने तांबडी पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारखी वाकते. तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, म्हणून दुरुस्ती करायची तर ती बनवणाऱ्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशींत. 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढतात, विजेचा झटका देऊन क्रिस्परची कात्री आत घालतात...

"इलेक्ट्रोपोरेशन," ती म्हणाली.

बरोबर. झटका अंगाला नाही, बाहेर काढलेल्या पेशींना. आणि त्या परत घालण्याआधी अंगातली जुनी मज्जा केमोथेरपीने रिकामी करावी लागते. केस जातात, आठवडेच्या आठवडे दवाखान्यात काढावे लागतात, आणि पुढे मूल होण्याची क्षमताही जाऊ शकते. तिने किंमत विचारली. अमेरिकेत 22 लाख डॉलर. तिने मोबाइलवर गुणाकार केला, "अठरा कोटी," म्हणाली आणि मोबाइल उलटा ठेवला.

दिल्लीत आपल्या सरकारी प्रयोगशाळेतही सिकलसेलवर क्रिस्परचं काम चालू आहे, मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलने विषाणूमार्फत जनुक घालून कर्करोगावरचा उपचार परदेशापेक्षा पुष्कळ स्वस्तात उभा केला आहे, हे मी घाईघाईने सांगितलं. खरं आहे ते. पण तोवर तिची हायड्रॉक्सियुरियाची रोजची गोळी हीच तिची औषधयोजना, आणि ती चुकवू नकोस हेही सांगितलं. (ती मधे मधे चुकवते, हे तिच्या आईनेच मला सांगितलं होतं.)

मी उठायला लागले तर तिने थांबवलं. "मॅडम, तुम्ही दुरुस्ती म्हणालात. पण ती कात्री माझा खराब जीन कापतच नाही ना?"

मला पुन्हा खाली बसावं लागलं. ती बरोबर होती. कात्री दुसरीकडे चालते. जन्मानंतर बंद होणारं गर्भातलं हिमोग्लोबिन ती पुन्हा सुरू करते. सिकलचं जनुक आहे तिथेच राहतं.

"म्हणजे तो उपचार झाला तरी माझ्या मुलांना तो जाणारच."

"हो," मी म्हणाले. "उपचार रक्ताच्या मूळपेशींवर होतो, बीजांडांवर नाही."

तिने वहीच्या शेवटच्या पानावर दोन चौकटी काढल्या. पहिली एसएस आणि एए यांची, चारही घरांत एएस. दुसरी एसएस आणि एएस यांची, दोन घरांत एएस, दोन घरांत एसएस. दुसरीखाली तिने पेनाने रेघ ओढली. "म्हणजे लग्नाआधी त्याचीही तपासणी," ती म्हणाली. "आमच्याकडे कोण ऐकणार हे?" मी म्हटलं, आईला एकदा माझ्याकडे पाठव. तेवढ्यात घंटा झाली. तिचा केमिस्ट्रीचा तास होता.