पंधराव्या क्रमांकाचा मुलगा

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही या स्मरणिकेसाठी बास्केटबॉलविषयी लिहीत आहोत, याचे माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे पाहून तो पुढे कोण होईल हे ठरविण्याचे काम अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत मोठ्या गांभीर्याने चालते, आणि आमचेही अर्धे आयुष्य त्याच कामात गेले आहे.

तेथे दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात. दुबळ्या संघांना साधारणतः आधी संधी मिळते. २०१३ साली क्लीव्हलँडने पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटला घेतले. चौदा नावे पुकारून झाल्यावर मिलवॉकीने यानिस आंतेतोकुंपो या अठरा वर्षांच्या मुलाला निवडले.

मुलगा अथेन्सचा, आईवडील नायजेरियातून आलेले. जन्म ग्रीसमधला, पण नागरिकत्व मिळाले ते ड्राफ्टच्या तोंडावर. भावांबरोबर रस्त्यावर घड्याळे, गॉगल विकून तो घराला हातभार लावी. मूळचे योरुबा आडनाव अदेतोकुनबो. ग्रीक लिपीतून रोमन लिपीत येताना त्याचे आंतेतोकुंपो झाले. (दाखल्यावर आडनाव बदलून आलेली किती मुले आम्हांला आठवतात!)

पारखणाऱ्यांची अडचण खरी होती. तो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. तेथील गुणांना वजन किती द्यायचे? अंगाने किरकोळ. उंची सुमारे सहा फूट नऊ इंच, हात त्याहून लांब, पंजे विलक्षण मोठे. एवढे टेपने मोजता येत होते. पण एवढ्या उंचीच्या मुलांना बहुधा बास्केटखाली उभे करतात, आणि हा मात्र चेंडूचे टप्पे देत स्वतः पुढे जाई, मोकळ्या साथीदाराला पास देई. आमच्या मते पारख येथेच होते. उंचीने नेमून दिलेल्या जागेपलीकडचे मूल काय करू पाहते, हे पाहायला बराच वेळ मैदानाच्या कडेला बसावे लागते.

पहिल्या हंगामात त्याची सरासरी ६.८ गुणांची, मिलवॉकी ८२ पैकी ६७ सामने हरली. तरी संघाने त्याला खेळवत ठेवले. २०१९ आणि २०२० मध्ये तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२१ च्या निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण केले. बेनेट चार हंगामांत चार संघ फिरून बाहेर पडला. त्याला कोणी हसू नये. पहिल्या क्रमांकाचे ओझे त्याने मागून घेतले नव्हते. आपल्या पंजाबचा सतनाम सिंग, सात फुटांहून उंच, २०१५ मध्ये ५२ वा निवडला गेला. त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही.

यंदा नववीतील एका मुलाचा क्रीडा निवड चाचणीचा अर्ज आम्ही भरला. आईवडील ऊसतोडीला जातात. पाचवीपर्यंत दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्याची शाळा सुटत असे. अर्जात उंची, वजन, धावण्याची वेळ आणि ‘यापूर्वीचे प्रावीण्य’ असे रकाने आहेत. उंची बेताची. प्रावीण्याचा रकाना कोरा राहिला. शेऱ्याला दोनच ओळी, म्हणून वेगळा कागद जोडला. त्यावर लिहिले की, हा उजव्या हाताचा मुलगा सायंवंदनेनंतर अंधार पडेपर्यंत डाव्या हाताने टप्पे देतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नाही. दोन वेळचे वेळेवर जेवण आणि सलग वर्ष त्याला सहावीपासूनच मिळाले आहे, हे इतरांशी तुलना करताना ध्यानात घ्यावे.

चाचणी पुढील महिन्यात आहे. कोणाकडे आठ नंबरचे चांगले बूट असल्यास कार्यालयात आणून द्यावेत.